शक्य होते का? एव्हरेस्ट १९२४ च्या अभ्यासाची प्रस्तावना

शिखरावर पोहोचलेल्यांच्या कथा मराठी वाचकाला नवीन नाहीत. दर मे महिन्यात वर्तमानपत्रांत एव्हरेस्टची बातमी असते आणि सह्याद्रीत तयार झालेल्या गिर्यारोहकांची नावेही आता त्या बातम्यांत सवयीची झाली आहेत. हे पुस्तक मात्र अशा दोघांविषयी आहे, जे पोहोचले की नाही हे शंभर वर्षे उलटूनही कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यातही ते पोहोचले का, या प्रश्नाभोवती हे पुस्तक फिरत नाही. खिळे ठोकलेले कातडी बूट, लोकर आणि रेशमाचे कपडे, कापसाचा दोर आणि गळके ऑक्सिजन सिलिंडर एवढ्या सामग्रीवर जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन यांना १९२४ साली एव्हरेस्टचा माथा गाठता आला असता का, हा इथला प्रश्न आहे.

दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटतात, पण त्यांची जात वेगळी. ‘पोहोचले का’ हा एका दिवसाचा, दोन माणसांचा प्रश्न आहे. त्यांच्यासोबतचा कॅमेरा सापडला, त्यातली फिल्म धुता आली, तर तो एका दुपारी सुटेल. नाही सापडला तर कायमचा लोंबकळत राहील. ‘पोहोचता आले असते का’ हा प्रश्न मात्र तपासता येतो. कपडे पुन्हा शिवता येतात, कडा पुन्हा चढता येतो, हवेच्या दाबाच्या जुन्या नोंदी पुन्हा वाचता येतात, सिलिंडर किती तास पुरला असता याचे गणित मांडता येते. म्हणूनच या दुसऱ्या प्रश्नाभोवती गेल्या काही दशकांत एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले. त्यात गिर्यारोहक आहेत, तसेच शरीरशास्त्रज्ञ, हवामानशास्त्रज्ञ, वस्त्रतज्ज्ञ, नकाशे वाचणारे आणि जुनी कागदपत्रे चाळणारे हौशी लोकही आहेत. या क्षेत्रात वाचकाचे स्वागत करावे आणि आत शिरताना लागणारी थोडी माहिती त्याच्या हाती द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

ज्यांना विषय अगदी नवा आहे त्यांच्यासाठी आधी घटनाक्रम. त्या काळी नेपाळची सीमा बंद होती, म्हणून एव्हरेस्टची वाट तिबेटमधून होती. १९२१ च्या पहिल्या ब्रिटिश मोहिमेने रस्ता शोधला. ईस्ट रोंगबुक हिमनदीवरून ‘नॉर्थ कोल’ या खिंडीत चढता येते, हे तेव्हा कळले. १९२२ मध्ये जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन लावून सुमारे ८,३२० मीटरपर्यंत गेले. त्याच मोहिमेच्या अखेरीस नॉर्थ कोलच्या उतारावर हिमकडा कोसळून सात भारवाहक ठार झाले. १९२४ ची तिसरी मोहीम जनरल चार्ल्स ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली निघाली, पण वाटेतच त्यांना मलेरियाने गाठले आणि सूत्रे एडवर्ड नॉर्टन यांच्याकडे आली. तिन्ही मोहिमांत असलेले एकमेव गिर्यारोहक म्हणजे ३७ वर्षांचे मॅलरी. आयर्विन २२ वर्षांचे, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजचे विद्यार्थी, नौकास्पर्धा गाजवलेले. गिर्यारोहणाचा अनुभव बेताचा, पण यंत्रात डोके असामान्य. मोहिमेचे ऑक्सिजन संच गळत होते, त्यांची वजने डोईजड होती. आयर्विन यांनी तंबूत बसून ते खोलले, जोडले आणि हलके केले.

८ जून १९२४ रोजी हे दोघे सुमारे ८,१४० मीटरवरच्या सहाव्या कॅम्पवरून निघाले. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी खालून येणाऱ्या नोएल ओडेल या भूगर्भशास्त्रज्ञ सहकाऱ्याला ढग क्षणभर बाजूला झाल्यावर ईशान्य धारेवर, एका खडकाळ पायरीजवळ, दोन ठिपके वर सरकताना दिसले. पुन्हा ढग आले. त्यानंतर त्या दोघांना जिवंत कुणी पाहिले नाही. १९३३ मध्ये धारेच्या किंचित खाली, सुमारे ८,४६० मीटरवर एक आइस अ‍ॅक्स सापडली. ती आयर्विन यांची असावी असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. १ मे १९९९ रोजी कॉनराड अँकर यांना सुमारे ८,१५५ मीटरवर मॅलरींचा मृतदेह सापडला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, सेंट्रल रोंगबुक हिमनदीवर बूट-मोज्यासह एक पाऊल सापडले. मोज्यावर आयर्विन यांच्या नावाची चिठ्ठी शिवलेली होती. हातात असलेला मुख्य ठोस पुरावा एवढाच, बाकी बहुतेक तर्क.

अशा प्रश्नांचा अभ्यास केवळ एव्हरेस्टपुरता नाही, हे आधीच सांगायला हवे. गिर्यारोहणाच्या इतिहासात ‘एवढ्या साधनांवर हे शक्यच नाही’ असे म्हणून बाजूला सारलेले दावे नंतर खरे ठरल्याची उदाहरणे आहेत. १९१० मध्ये अलास्कातल्या खाणकामगारांच्या एका टोळीने डेनाली पर्वताचे उत्तर शिखर गाठल्याचे सांगितले. गिर्यारोहणाचे शिक्षण नाही, साधने घरी घडवलेली, आणि वर रोवण्यासाठी सोबत नेलेला चौदा फुटी लाकडी खांब! लोकांनी थापा म्हणून सोडून दिले. १९१३ मध्ये डेनालीच्या मुख्य शिखरावर पहिल्यांदा पोहोचलेल्या तुकडीला दुर्बिणीतून उत्तर शिखराजवळ तो खांब उभा दिसला. दक्षिण अमेरिकेत युयायाको या ६,७३९ मीटर उंच ज्वालामुखीच्या माथ्यावर इंका लोकांनी पाचशे वर्षांपूर्वी बळी दिलेल्या मुलांची शवे १९९९ मध्ये उत्खननात मिळाली. म्हणजे गिर्यारोहण हा खेळ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी माणसे त्या उंचीवर चढत होती आणि तिथे बांधकामही करत होती. उलट बाजूही आहे. फ्रेडरिक कुक यांनी १९०६ मध्ये याच डेनालीवर चढल्याचा केलेला दावा खोटा ठरला, तो त्यांच्याच छायाचित्रातली जागा शोधून काढल्यावर. तेव्हा या क्षेत्राचा पहिला धडा असा की साधने पाहून निकाल देऊ नये आणि दावा करणाऱ्याचे नाव पाहून तर नाहीच.

आता मूळ प्रश्नाकडे. तो एका दमात सोडवायला गेले की वाद सुरू होतात. तुकडे पाडले की मात्र प्रत्येकाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते. शरीर, ऑक्सिजन, कपडे, खडक आणि हवामान असे पाच तुकडे मी पाडतो. पुस्तकाची प्रकरणेही त्याच क्रमाने लावली आहेत.

शरीरापासून सुरुवात करू. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. १९८१ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय मोहिमेने तो प्रत्यक्ष माथ्यावर मोजला आणि २५३ मिलिमीटर पारा अशी नोंद केली. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे हा दाब प्रमाणित कोष्टकांनी दाखवलेल्या आकड्यापेक्षा थोडा जास्त भरतो. त्या फरकामुळेच माणूस बाहेरच्या ऑक्सिजनशिवाय तिथे उभा राहू शकतो. १९२४ मध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण नॉर्टन यांच्या पायांनी त्याचा अंदाज दिला होता. ४ जूनला, मॅलरी-आयर्विन यांच्या चढाईच्या चार दिवस आधी, नॉर्टन ऑक्सिजनशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत गेले. ती उंची थिओडोलाइटने निश्चित केलेली आहे. त्यांचे साथीदार हॉवर्ड सॉमरव्हेल घशाच्या दुखण्याने मागे थांबले. उतरताना त्यांचा श्वास कोंडला आणि घशातले सुटलेले अस्तर खोकून बाहेर पडले तेव्हा ते वाचले. हे सॉमरव्हेल पुढे त्रावणकोरातल्या नेय्यूर इथे डॉक्टर म्हणून बरीच वर्षे राहिले.

नॉर्टन यांची चढाई या अभ्यासाचा कणा आहे, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू. ते धार सोडून उत्तर कड्यावरून आडवे गेले आणि आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या घळीत शिरले. तिथले थर उतरत्या छपरावरच्या कौलांसारखे बाहेरच्या बाजूला कललेले, वर भुसभुशीत बर्फ, धरायला काही नाही आणि सोबत दोर बांधायला दुसरा माणूसही नाही. खडक नीट दिसावा म्हणून त्यांनी वाटेत गॉगल काढला होता, त्याने डोळे बिघडायला लागले होते. शेवटच्या तासाभरात त्यांनी जेमतेम तीसेक मीटर उंची मिळवली. माथा अजून पावणेतीनशे मीटर वर होता. दुपारचा एक वाजला होता. ते वळले. त्या रात्री हिमांधत्वाने त्यांची दृष्टी गेली आणि पुढचे काही दिवस त्यांना दिसत नव्हते. ऑक्सिजनशिवाय याहून जास्त उंची गाठल्याची निर्विवाद नोंद १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी एव्हरेस्टचा माथा गाठेपर्यंत झाली नाही. दोन वर्षांनी मेसनर एकटेच, उत्तरेकडून, त्याच नॉर्टन घळीतून माथ्यावर गेले. शरीराचा तुकडा तेव्हा सुटला. त्या वाटेने, ऑक्सिजनशिवाय, माणूस जाऊ शकतो.

दुसरा तुकडा ऑक्सिजनचा. १९२४ चे सिलिंडर भरलेले असताना प्रत्येकी ५३५ लिटर वायू देत. मिनिटाला २.२ लिटर या पूर्ण वेगाने सोडला तर एक सिलिंडर सुमारे चार तास, १.५ लिटरने सोडला तर सुमारे सहा तास. पुढे १९५२ मध्ये शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी प्रयोगांतून दाखवले की चढताना मिनिटाला चारेक लिटर मिळाले तरच संचाचे वजन वाहण्याचे चीज होते. १९५३ ची यशस्वी मोहीम या हिशेबावर आखली गेली. १९२४ चा संच त्या मानाने अर्धपोटी होता, पण निरुपयोगी नव्हता.

आता या आकड्यांवर एक हिशेब करून पाहू, कारण या क्षेत्रात काम कसे चालते हे त्यातून कळते. धारेवरच्या ‘फर्स्ट स्टेप’जवळ, सुमारे ८,४७५ मीटरवर, त्या मोहिमेचा नऊ क्रमांकाचा रिकामा सिलिंडर १९९१ मध्ये दिसला आणि १९९९ मध्ये खाली आणला गेला. तो तिथेच संपून टाकला गेला आणि वायू पूर्ण वेगाने सोडलेला होता असे धरू. म्हणजे सहाव्या कॅम्पपासून ३३५ मीटर चढायला चार तास लागले, तासाला सुमारे ८४ मीटर. तिथून माथा ३७३ मीटर. त्याच वेगाने साडेचार तास, आणि दुसरा सिलिंडर पुरणार चार तास. वाटेतला सर्वांत अवघड खडक यात धरलेलाच नाही. वर चढत गेल्यावर वेग मंदावतो, तेही धरलेले नाही. मॅलरींच्या खिशात सापडलेल्या एका पाकिटावर सिलिंडरांच्या दाबाच्या नोंदी आहेत. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की त्यांनी दोनाऐवजी तीन सिलिंडर नेले असावेत. तसे असेल तर वेळ वाढतो, पण पाठीवरचे वजनही वाढते. वाचकाने यातला एकेक आकडा बदलून पाहावा. थोडासा फरक केला की उत्तर ‘हो’ वरून ‘नाही’ वर जाते.

कपड्यांबद्दल लोकांचा समज सर्वांत पक्का आहे आणि तोच सर्वांत आधी ढासळतो. कृष्णधवल छायाचित्रांत ही मंडळी सुटाबुटात सहलीला निघाल्यासारखी दिसतात, त्यामुळे ती गारठून मेली असणार असे आपण धरून चालतो. मॅलरींच्या अंगावर सापडलेल्या कपड्यांच्या चिंध्या इंग्लंडमधल्या संशोधकांनी धागा-धागा तपासल्या. रेशीम, सुती, लोकरी असे पातळ थर एकावर एक, आणि सर्वांत वर वारा अडवणारे गॅबर्डिन. त्याबरहुकूम शिवलेले कपडे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला घालून पाहण्यात आले. ते आजच्या कपड्यांपेक्षा हलके निघाले. रेशीम आणि लोकर एकमेकांवर सहज सरकत असल्याने हालचालही मोकळी होती. माणूस चालत असेपर्यंत, हवा बरी असेपर्यंत हे कपडे पुरेसे होते. थांबायची वेळ आली, रात्र उघड्यावर काढावी लागली, तर मात्र नव्हते. पिसांनी भरलेला कोट १९२२ मध्येच फिंच यांनी शिवून घेतला होता. तेव्हा सहकाऱ्यांनी त्याची चेष्टा केली. १९२४ च्या मोहिमेत फिंच नव्हते.

पायांची गोष्ट थोडी वेगळी. बर्फावर चालण्यासाठी बुटांखाली बांधायचे काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, त्या काळी होते, पण बुटांवर ते बांधायचे पट्टे घट्ट आवळले की रक्तप्रवाह अडून पाय गोठायचे, म्हणून उंचावर ते घातले जात नसत. त्यामुळे कठीण बर्फावर पायऱ्या खोदण्यात वेळ जायचा. त्याच मोहिमेत मानबहादूर नावाच्या माणसाचे दोन्ही पाय हिमदंशाने गेले आणि पुढे न्यूमोनियाने तो दगावला. तो मोहिमेचा चांभार होता, सगळ्यांचे बूट दुरुस्त करणारा. साधनांची चर्चा करताना ही नोंद विसरू नये.

चौथा तुकडा खडकाचा, आणि गिर्यारोहकांचे वाद इथे सर्वांत रंगतात. धारेवर तीन पायऱ्या आहेत. त्यातली ‘सेकंड स्टेप’ ८,६०० मीटरच्या आसपास आहे आणि एकूण उंची चाळीसेक मीटर. खालचा भाग जमण्यासारखा आहे, पण शेवटचा सुमारे पाच मीटरचा पॅच जवळजवळ सरळसोट. दोन्ही बाजूंचे दृष्टिभय असे की सह्याद्रीतल्या अट्टल प्रस्तरारोहकाचेही पाय लटपटतील. १९६० मध्ये चिनी गिर्यारोहकांनी तो पहिल्यांदा चढल्याचे सांगितले. ल्यू ल्येनमान यांनी खांदा दिला, आणि च्यू यिनह्वा यांनी बूट काढून चढाई केली. त्यात च्यू यांच्या पायांची बोटे गेली. १९७५ मध्ये चिनी मोहिमेने तिथे ॲल्युमिनियमची शिडी बसवली आणि आज उत्तरेकडून जाणारे बहुतेक सगळे शिडीवरूनच जातात. २००७ मध्ये कॉनराड अँकर आणि लिओ होल्डिंग यांनी शिडी तात्पुरती काढून तो पॅच हाता-पायांनी चढून दाखवला. १९९९ मध्ये मॅलरींना हे जमले नसावे असे म्हणणारे अँकर २००७ नंतर ‘शक्य होते’ असे म्हणू लागले. एकाच माणसाचे मत प्रत्यक्ष चढाईने बदलले, हे या क्षेत्रात पुराव्याच्या तोडीचे मानले जाते. तरी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अँकर यांच्या पायांत आधुनिक बूट होते, मॅलरींच्या पायांत खिळ्यांचे. खांदा द्यायला आयर्विन होते, पण मग आयर्विन यांना वर कोण ओढणार? आणि जो पॅच चढला तो उतरावाही लागतो.

पाचवा तुकडा हवामानाचा. इथे एक पुणेरी धागा आहे. १९२४ च्या मोहिमेने बेस कॅम्पवर हवेच्या दाबाच्या रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या १९२६ मध्ये छापल्याही गेल्या, पण या कोड्याच्या संदर्भात त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही. २०१० मध्ये टोरांटो विद्यापीठाचे केंट मूर, त्यांचे सहकारी जॉन सेंपल आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे माजी संचालक देव राज सिक्का यांनी त्या नोंदी नव्याने वाचल्या. ८ आणि ९ जूनच्या सुमारास दाब सुमारे १८ हेक्टोपास्कलने खाली गेला होता. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर आठ जणांचा बळी घेणाऱ्या वादळाच्या वेळच्या घटीपेक्षाही ही घट मोठी आहे. दाब एवढा पडतो तेव्हा वादळ येते ते येतेच, शिवाय आधीच विरळ असलेल्या हवेतला ऑक्सिजन आणखी कमी होतो. माथा त्या दिवशी जणू आणखी उंच झाला होता. ओडेल यांनी मात्र त्या दुपारी दोनच्या सुमारास आलेला बर्फाचा मारा दोनेक तासांत निवळल्याचे लिहून ठेवले आहे. उपकरण एक सांगते, साक्षीदार दुसरे सांगतो. अशा वेळी कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणे हेच या क्षेत्रातले खरे काम.

साक्षी-पुराव्याबद्दल म्हणूनच चार शब्द. ओडेल यांनी आधी सांगितले की दोन ठिपके सेकंड स्टेपवर दिसले. पुढे टीका झाल्यावर ते फर्स्ट की सेकंड याबद्दल साशंक झाले. ठिपके सेकंड स्टेपवर होते असे धरले तर शिखर आवाक्यात येते, फर्स्टवर धरले तर जवळपास हातचे जाते. मॅलरींचा गॉगल खिशात सापडला, यावरून ते अंधारात उतरत असावेत असा निष्कर्ष काढला जातो. पण नॉर्टन यांच्या डोळ्यांचे हाल चारच दिवसांपूर्वी पाहिलेल्या माणसाने जादा गॉगल जवळ ठेवला असणेही तितकेच संभवते. पत्नीचे छायाचित्र माथ्यावर ठेवण्याचा त्यांचा बेत होता असे सांगितले जाते, आणि ते छायाचित्र मृतदेहाजवळ नव्हते. यातून काही सिद्ध होत नाही, कारण ते छायाचित्र त्या सकाळी त्यांच्या खिशात होते याचाच पुरावा नाही. याउलट कमरेला बांधलेला तुटका दोर आणि मोडलेला उजवा पाय सरळ बोलतात. दोघे दोराने बांधलेले होते आणि घसरून पडले. १९३३ च्या मोहिमेला सहाव्या कॅम्पच्या पडक्या तंबूत एक टॉर्च सापडला. नऊ वर्षांनीही तो पेटला. तो सोबत न नेता दोघे निघाले होते, हे मला बाकी सगळ्या तर्कांपेक्षा वजनदार वाटते.

या चर्चेत ज्यांचे नाव फार क्वचित निघते त्यांचाही उल्लेख इथे करायला हवा. नॉर्टन आणि सॉमरव्हेल यांचा सहावा कॅम्प ८,१४० मीटरवर लावला तो नोरबू यिशांग, ल्हाक्पा चेडी आणि सेमचुंबी या तिघांनी, पाठीवर ओझे घेऊन, ऑक्सिजनशिवाय. साहेबांपेक्षा कमी दर्जाचे कपडे आणि जास्त वजन अशा स्थितीत माणूस त्या उंचीवर काम करू शकतो, याचा याहून चोख पुरावा दुसरा नाही. जुन्या साधनांच्या क्षमतेवर लिहिणाऱ्यांनी या तिघांपासून सुरुवात केली असती तर निम्मे वाद झालेच नसते.

आता निकालाचे काय? पाचही तुकडे सुटे घेतले तर प्रत्येकाचे उत्तर ‘अवघड, पण शक्य’ असेच येते. नॉर्टन आणि मेसनर यांनी शरीराचे उत्तर दिले, २००६ च्या प्रयोगाने कपड्यांचे, २००७ च्या चढाईने खडकाचे. अडचण सुरू होते ती हे तुकडे एकाच दिवसात, एकाच जोडीच्या वाट्याला एकापुढे एक आले म्हणून. ऑक्सिजन संपण्याआधी खडक चढायचा, दाब कोसळण्याआधी माथा गाठायचा, अंधार पडण्याआधी तोच खडक उतरायचा, आणि कुठेही थांबायचे नाही, कारण कपडे थांबण्यासाठी शिवलेलेच नव्हते. आजच्या साधनांचा मोठा फायदा चढणे सोपे होते यात नाही. चुकले, उशीर झाला, हवा बिघडली तरी माणूस निभावून नेऊ शकतो, एवढी शिल्लक ती हाताशी ठेवतात. १९२४ च्या साधनांत ही शिल्लक नव्हती. म्हणून माझे मत असे : माथा गाठणे शक्य होते, त्या दिवशी गाठल्याचा संभव कमी होता, आणि गाठून परत येण्याचा त्याहूनही कमी.

हे मत वाचकाने जसेच्या तसे स्वीकारावे असा आग्रह नाही. मोहिमांचे मूळ अहवाल इंग्रजीत उपलब्ध आहेत. १९२८ साली स्थापन झालेल्या हिमालयन क्लबचे जर्नल पुढे अनेक दशके मुंबईतूनच संपादित झाले आणि त्याचे जुने अंक आजही वाचायला मिळतात. वस्त्रशास्त्र शिकलेल्याला, हवामानाच्या नोंदी वाचता येणाऱ्याला, सह्याद्रीतल्या कड्यांवर घसारा तुडवलेल्याला या प्रश्नात प्रत्येकी काहीतरी नवे दिसेल, आणि या क्षेत्राला मराठीतून असे वाचक हवेच आहेत. पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. एक विनंती मात्र आहे : मॅलरी-आयर्विन पोहोचले की नाही यावर कुणाशी वाद घालण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन त्या दिवसाच्या तासांचा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहा.